इनास मास्तरचा बँड

आमच्या घरात पुरुषांचे ओठ कधी धड नसायचे. बाचे नव्हते, माझा मोठा भाऊ बस्त्याव याचे नव्हते आणि पास्कूकाकाचे तर थंडीत बघवायचे नाहीत. रोज फुंकणाऱ्या माणसाच्या ओठांना घट्टे पडतात, हवा कोरडी झाली की ते फुटतात, आणि फुटलेल्या ओठावर पितळेचं तोंड टेकलं की रक्त येतं. आय चुलीपाशी एका करवंटीत खोबरेल तेल ठेवायची. सकाळी वाडीत जाण्याआधी तिघंही त्यात बोट बुडवून ओठांना लावायचे. सगळ्याच घरांतले पुरुष सकाळी उठून असंच करतात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

घर आगाशीहून समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमध्ये होतं. पुढे शेणानं सारवलेलं खळं, त्याच्या कडेला आंब्याचं झाड, मागे डुकरांचं खोपटं आणि विहीर. विहिरीवर बैल रहाट ओढायचा आणि त्याची कुरकुर दिवसभर चालायची. ती बंद पडली की आय हातातलं काम टाकून बाहेर बघायची, इतकी ती आमच्या अंगवळणी पडलेली. उन्हाळ्यात खळ्यात चटया पसरून त्यांवर सोललेली केळी वाळत घालायचे, सुकेळ्यांसाठी. कावळे हाकलायला मी आंब्याखाली बसायची, आणि संध्याकाळी चटया गुंडाळल्या की त्याच जागी बँडची तालीम सुरू व्हायची. म्हणून मला अजून सुकेळ्याचा वास आला की पाठोपाठ क्लॅरनेट ऐकू येतं आणि त्याच्याही पाठोपाठ छडीचा आवाज.

माझा बाप, इनास, वाडीही करायचा आणि बँडही चालवायचा. लोक त्याला मास्तर म्हणत. लढाईच्या दिवसांत तो एका पलटणीच्या बँडात होता. तिथं गोरा बँडमास्तर चुकलेल्या माणसाच्या थेट ओठांवर काठी मारायचा, हे बा आम्हाला तक्रार म्हणून कधी सांगायचा नाही. मोठ्या मानानं सांगायचा. लढाई संपल्यावर तो परत आला तेव्हा त्याच्यासोबत मुंबईच्या चोरबाजारात घेतलेली वाद्यं होती. पोचे आलेलं एक कॉर्नेट, म्हणजे पितळेचं आखूड ट्रंपेट, दोन क्लॅरनेट, एक बॅरिटोन, एक छोटा साईड ड्रम, आणि एक मोठा ड्रम, ज्याच्या एका बाजूला कातडंच नव्हतं. वाद्यांसोबत वेताची छडीही आली. ती ओसरीवर खुंटीला टांगलेली असायची.

तालमीला आळीतलेच पुरुष यायचे, दिवसभर वाडीत राबून, हातपाय धुऊन, कुणी थोडी ताडी घेऊन. सगळे बापये, लेकुरवाळे. आणि चूक झाली की ते हात पुढे करायचे. पास्कूकाका बाचा धाकटा भाऊ, त्याचे केस पिकायला लागले होते, तोसुद्धा शाळेतल्या पोरासारखा तळहात पुढे करून उभा राहायचा. मोठा ड्रम वाजवणाऱ्या अंतोनच्या बोटांवर एकदा बानं इतकं मारलं, की त्याला दोन दिवस वाडीत कोयता धरता आला नाही. त्याची बायको आमच्या दारात येऊन बोलून गेली. बा ओसरीवर बसून चहा पीत होता. तो शांतपणे म्हणाला, "मारल्याबिगर सूर बसत नाय. मना बी असाच बसवला."

तरी माणसं यायची. याचं आज लोकांना नवल वाटतं. पण पांढरी पँट, तिच्या बाजूला लाल पट्टी, डोक्याला टोपी, असं घालून आपल्याच आळीतली माणसं वरातीपुढे चालू लागली की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. दिवसभर चिखलात राबणाऱ्या माणसाला आणखी कुठं असा मान मिळत होता? त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. आणि घरी जाऊन त्यांतल्या काहींनी तो पुढे दिला, हेही मला माहीत आहे.

आयला बा छडीनं मारायचा नाही. तिच्यासाठी हात होता. कारण कधी भात निवला हे असायचं, कधी पांढऱ्या पँटीवर डाग राहिला हे. माराला सुरुवात झाली की आय आवाज करायची नाही, फक्त डोक्यावरचा पदर सावरायची, जणू तो पडणं हीच काय ती लाजेची गोष्ट होती. मग ती उठून मागे डुकरांना खायला घालायला जायची आणि बराच वेळ यायची नाही.

बँडच्या चाली मात्र बाच्या नव्हत्या. त्या माझ्या आजाच्या. आजा फिडल वाजवायचा आणि त्याचा भाऊ घुमट. घुमट म्हणजे मातीचं मडकं, त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं ताणून बसवलेलं. या दोन वाद्यांवर आजानं आमच्या लग्नांसाठी चाली बांधल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला जातात, तेव्हाची एक. नवरा-नवरी देवळातून, म्हणजे चर्चमधून, घरी येतात, तेव्हाची एक. मुलगी सासरी निघते तेव्हाची एक, तिला सगळे 'रडकी' म्हणायचे. आणि एक म्हाताऱ्यांची, जेवणं झाल्यावर मांडवात म्हातारे-म्हाताऱ्या हात धरून नाचायचे तेव्हाची. बानं या सगळ्या चाली पलटणीच्या ठेक्यात बसवल्या. डावा-उजवा, डावा-उजवा. रडकीसुद्धा. मुली आईच्या गळ्यात पडून रडत असायच्या आणि बँड कवायतीला निघाल्यासारखा वाजायचा. पण पितळेचा तो झळाळता आवाज आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता, म्हणून बँड गाजला. पार अर्नाळ्याच्या कोळीवाड्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत लोक इनास मास्तरचा बँड मागायचे.

अलीकडे बस्त्यावचा नातू नेल्सन माझ्याकडे येऊन बसतो. बँडच्या गाजलेल्या चाली एका ठिकाणी गोळा करून त्याला लोकांपुढे ठेवायच्या आहेत. जुन्या कॅसेटी, कुणाच्या लग्नात कुणी भरून घेतलेलं, पास्कूकाकाच्या मुलानं म्हातारपणी वाजवून दाखवलेलं, असं सगळं त्यानं जमवलं आहे. तो मला ऐकवतो आणि मी नावं सांगते. मागे एकदा तो म्हणाला, "आजी, अगदी जुन्या चाली जशा तुम्ही म्हणून दाखवता, त्यांत कॉर्नेटचा भाग पुढे असतो. मग नंतरच्या सगळ्यांत ड्रम पुढे. हा आवाज एवढा बदलला कसा?" मी त्याला म्हटलं, लिहून देते. हे ते लिहिणं.

बस्त्याव तेव्हा विशीचा असेल. अंगानं काटक, बोलायला कमी. त्याचं कॉर्नेट ऐकून देवळातले फादर एकदा म्हणाले होते, की हा पोरगा वाजवतो तेव्हा माणूस बोलतोय असं वाटतं. बाला त्याचा अभिमान होता, पण तो अभिमान मारातूनच बाहेर यायचा. इतरांना एक बसली तर बस्त्यावला तीन. तो हात मागे घ्यायचा नाही आणि डोळेही मिटायचा नाही. सरळ बाकडे बघत राहायचा, आणि त्याचाच बाला जास्त राग यायचा.

त्या सुमारास आगाशीच्या बाजारात एका हॉटेलात रेडिओ आला. बस्त्याव केळीचे घड घेऊन बाजारात जायचा आणि ते विकून झाले की हॉटेलच्या पायरीपाशी उभा राहायचा. सिनेमातली गाणी तिथं लागायची. दोनदा-तीनदा ऐकलं की चाल त्याच्या डोक्यात बसायची. दुपारी बा जेवून आडवा झाला, की हा कॉर्नेट घेऊन वाडीच्या पार टोकाला जायचा आणि रहाटाच्या कुरकुरीआड ती गाणी वाजवायचा. मी त्याचं चहा-पाणी घेऊन जायची, म्हणून मला सगळी पाठ झाली. माझा गळा बरा होता. त्यातलं एक गाणं होतं, झोक्यासारखं पुढे जाऊन मागे येणारं, ते ऐकलं की पाय स्थिर राहायचे नाहीत. मी त्याला म्हटलं, "दादा, हे लग्नात वाजव ना."

"बा कापून काढील," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "पन लोक नाचतील, रेमेदी."

माझी मैत्रीण मोनिका आमच्याच आळीतली. तिचं लग्न ठरलं, आणि बँड अर्थातच आमचा. लग्नाच्या आधी दोन दिवस तिच्या मांडवात डुकरं मारली. ती किंचाळतात तेव्हा साऱ्या आळीला ऐकू जातं आणि पोरं कानांत बोटं घालून तरीही बघायला जातात. मोठ्या हंड्यांत डुकराच्या मटणाचं इंद्याल शिजत होतं, आळीतल्या बायका मैद्याचे फुगे तळत होत्या, आम्ही मुली केळीची पानं पुसत होतो. नवरा पलीकडच्या गावचा, मुंबईत गिरणीत कामाला. त्याचे मित्र केसांना तेल चोपडून, रंगीत रुमाल गळ्यात बांधून आले होते.

देवळात लग्न लागलं आणि उन्हं उतरायच्या आधीच वरात घराकडे निघाली. पुढे बँड, मागे नवरा-नवरी, आम्ही करवल्या तिच्या बाजूनं. दोन्हीकडे वाड्यांची कुंपणं, मधली वाट अरुंद. बा उलट तोंडानं, बँडकडे बघत चालत होता आणि हातातल्या काठीनं ठेका देत होता. आजाची देवळातून परतायची चाल चालू होती. गिरणीतल्या पोरांनी आधी थोडा वेळ ती ऐकली. मग त्यांच्यातला एकजण ओरडला, "मास्तर, सिनेमातलं लावा कायतरी."

बानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पोरं टाळ्या वाजवत मागणी करत राहिली. मग तोच पुढे येऊन बाच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "ओ, नवरा जिता हाय अजून. तुमचं हे मयताच्या मागनं वाजवायचं." सगळे हसले. वऱ्हाडातल्या बायकाही हसल्या. बाचे कान लाल झालेले मला दिसले. त्यानं काठी जोरात हलवली आणि तीच चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावली.

चाल संपली. बानं तिसऱ्यांदा काठी वर केली आणि त्याच क्षणी बस्त्यावनं कॉर्नेट तोंडाला लावलं. ते झोक्याचं गाणं. पहिली ओळ त्यानं एकट्यानंच वाजवली, कारण दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. दुसऱ्या ओळीला अंतोनच्या ड्रमला ठेका सापडला. मग पास्कूकाकाचं क्लॅरनेट चाचपडत मागे आलं. आणि वरातीत जो गलका उठला तसा मी आमच्या वाटेवर पुन्हा कधी ऐकला नाही. पोरं कुंपणांवर चढून नाचायला लागली. म्हाताऱ्या बायकांनी लुगडी सावरून फेर धरला. मोनिका डोक्यावरची जाळी वर करून हसत होती आणि मला हातानं ओढत होती. बस्त्यावचे डोळे मिटलेले होते. बा काठी तशीच वर धरून उभा होता आणि त्याच्याकडे एकही माणूस बघत नव्हता.

गाणं एकदा संपून पुन्हा सुरू झालं तेव्हा बा पुढे झाला. त्यानं काठी टाकून दिली. तो बस्त्यावच्या समोर उभा राहिला, हात मागे नेला आणि उघड्या तळव्यानं कॉर्नेटच्या कर्ण्यावर मारलं, भिंतीत खुंटी ठोकावी तसं. गाण्याचा सूर मध्येच चिरकला. बस्त्याव मागे पडायच्या आत बानं कॉर्नेट त्याच्या हातातून हिसकावलं आणि तेच त्याच्या तोंडावर घातलं. एकदा. मग आणखी एकदा. पितळ हाडावर लागल्याचा आवाज ड्रम वाजत असतानाही मला ऐकू आला.

बस्त्याव गुडघ्यांवर बसला. त्यानं दोन्ही हात तोंडावर धरले होते आणि बोटांमधून रक्त पांढऱ्या कोटावर गळत होतं. मी त्याच्याजवळ बसले तेव्हा त्यानं हात काढले. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला होता आणि समोरचे दात नव्हते. दात धुळीत पडले होते. मी ते वेचायला लागले. कशाला, ते सांगता येत नाही. त्या वेळी ते वेचणं फार गरजेचं वाटत होतं.

मग गिरणीतली पोरं बावर तुटून पडली. कुंपणाच्या मेढी उपटून त्यांनी त्याला मारलं. पास्कूकाका मध्ये पडला, त्याचंही डोकं फुटलं. मोनिकाचा बाप हात जोडून सगळ्यांच्या पाया पडत होता. तिच्या पांढऱ्या झग्याच्या खालच्या घेरावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते आणि ती उभ्या जागी रडत होती. बा मार खात उभाच राहिला. त्याच्या एका भुवईतून रक्त वाहत होतं आणि चेपलेलं कॉर्नेट त्यानं छातीशी धरलं होतं, पोराला धरावं तसं.

आगाशीच्या डॉक्टरनं बस्त्यावचा ओठ शिवला. दातांचं काही होण्यासारखं नव्हतं. घरी आल्यावर ओसरीच्या एका टोकाला बा पडला होता आणि दुसऱ्या टोकाला बस्त्याव, दोघांचीही तोंडं सुजून भोपळ्यासारखी झालेली. आयनं हळद आणि तुरटीचा लेप केला आणि एकाच वाटीतला दोघांनाही लावला. बस्त्यावला बोलता येत नव्हतं. मी त्याला नरसाळ्यानं पेज पाजायची.

सूज उतरली, टाके निघाले. एके दिवशी त्यानं खुणेनं मला कॉर्नेट आणायला सांगितलं. ते माळ्यावर टाकलेलं होतं. मी पुसून आणलं. त्यानं ते तोंडाला लावलं, गाल फुगवले आणि फुंकलं. नुसती हवा आली. कॉर्नेट फुंकताना ओठाला मागून दातांचा आधार लागतो, तो नसला की ओठ आत जातो, हे मला तेव्हा कळलं. त्यानं पुष्कळ वेळ प्रयत्न केला. ओठ पुन्हा फाटून थोडं रक्त आलं तेव्हा त्यानं कॉर्नेट माझ्याकडे दिलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढचे काही दिवस मसाला कुटायचे होते. मे महिन्यात वर्षभराचा मसाला कुटून बाटल्यांत भरून ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. खळ्यात मिरच्या, धणे, तीळ वाळत होते. आय ओसरीवर उखळापाशी उभी राहून कुटायची, डोक्याला आणि नाकाला फडकं बांधून. साऱ्या घराला ठसका लागलेला. दुपारची वेळ होती. बा वाडीत होता. बस्त्याव आत बाजेवर बसून होता. तो मला म्हणाला, दात नसल्यामुळे शब्द विरघळल्यासारखे येत होते, "रेमेदी, ते गानं म्हन."

मी हळू आवाजात म्हटलं. त्यानं बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला. मग बोटांनी भागेना म्हणून खालचा पत्र्याचा डबा ओढून घेतला. मी मुखडा म्हणायची आणि तो डब्यावर कधी माझ्या पुढे जायचा, कधी मुद्दाम मागे राहायचा आणि मग गाठायचा. कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काही हललं. ते बघून मी आवाज चढवला. आयचं मुसळ थांबलं नव्हतं, पण तेही आमच्या ठेक्यात पडायला लागलं होतं, असं मला आजही वाटतं.

बा केव्हा आला ते आम्हाला कळलं नाही. खुंटीवरची छडी काढल्याचा आवाजही आला नाही. पहिला फटका माझ्या पाठीवर बसला तेव्हा मी गाण्याच्या मध्यावर होते. "या घरात हे गानं?" तो म्हणाला. "या घरात?" दुसरा मानेवर बसला. बस्त्याव उठला आणि त्यानं छडी धरली. बानं त्याला ढकललं तसा तो बाजेवर आदळला आणि त्याच्या ओठातून पुन्हा रक्त आलं. बानं छडी त्याच्यावर उगारली. त्या शिवलेल्या तोंडावर.

आय दारातून आत आली. फडकं तसंच बांधलेलं, फक्त डोळे दिसत होते, मिरचीनं लाल झालेले. तिच्या दोन्ही हातांत मुसळ होतं. तिनं ते खांद्यापर्यंत उचललं आणि बाच्या उगारलेल्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, आणलं. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. छडी खाली पडली. बा आपल्या हाताकडे बघत राहिला, कारण हात जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. मग तो ओरडला. तसा आवाज त्याच्याकडून मी आधी कधी ऐकला नव्हता. तो खाली बसला आणि त्यानं आयकडे बघितलं. ती अजून मुसळ धरून उभी होती. पुन्हा उचलायची वेळ आली तर उचलील, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

"पास्कूला बोलव," ती मला म्हणाली. "यांना हाडवैद्याकडं न्यायला लागंल." आणि ती परत उखळाकडे गेली. मी काकाला घेऊन आले तेव्हा ती कुटतच होती. काकानं बाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिनं मान वर केली नाही. "मिरची तशीच ठेवली तर सादळंल," एवढंच म्हणाली.

आळीत सांगितलं, की मास्तर विहिरीच्या पायरीवरून घसरले. कुणाचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही, पण कुणी विचारलंही नाही. मला पुढे आयुष्यात कधीतरी वाटून गेलं, की त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. मला भीती वाटली, आणि ती आयची वाटली. जिला इतकी वर्षं मुकाट मार खाताना पाहिलं होतं, तिच्यात एवढं बळ होतं आणि ते ती रोज घेऊन हिंडत होती, हे पचायला मला फार काळ लागला.

लग्नसराई चालू होती, बँडला बोलावणी येत होती आणि मास्तर खाटेवर होता. पास्कूकाका म्हणाला, नाही सांगू या. बस्त्याव म्हणाला, "मी जातो. अंतोनला साईड ड्रम द्या. मोठा मना." काकाचं डोकं अजून पट्टीत होतं. तो म्हणाला, "चाली कोन घेनार? कॉर्नेट कुठाय?" बस्त्यावनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून चाली म्हणायची आणि काका आंब्याखाली उभा राहून त्या क्लॅरनेटवर घ्यायचा. क्लॅरनेटचा आवाज पितळेसारखा लांब जात नाही, त्यामुळे चाल गर्दीत बुडायची. तेव्हा बस्त्यावनं ड्रमलाच पुढे काढलं. कधी कातड्यावर कोपर दाबून तो त्याचा आवाज चढवायचा, कधी कडेवर काठी मारायचा. विहिरीची चाल त्यानं कवायतीतून सोडवली आणि आजाच्या घुमटासारखी गोल फिरवली. रडकी इतकी संथ केली, की पहिल्यांदाच ती ऐकून मांडवातले पुरुष रडले. सिनेमातली गाणी आलीच. लोक म्हणायला लागले, मास्तरचा बँड नवा झाला. लांबलांबून बोलावणी यायला लागली. माझा भाऊ त्यानंतर म्हातारा होईपर्यंत वरातीपुढे चालला, तोंड मिटून, कारण दात नसलेलं तोंड त्याला दाखवायचं नव्हतं. नेल्सनला वाटत होतं, की ही आजोबांची ऐट होती.

बाच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. उजव्या हातानं त्याला काही करता येत नव्हतं आणि डाव्यानं जेवायची त्याला लाज वाटायची. म्हणून आय त्याला भरवायची. रोज दुपारी ती त्याच्यासमोर ताट घेऊन बसायची, भात कालवायची, माशाचा एकेक काटा बोटांनी चाचपून काढायची आणि घास त्याच्या तोंडापाशी न्यायची. तो तोंड उघडायचा. कधी घास गरम असला तर ती फुंकर घालायची. खळ्यात तालीम चालू असायची आणि ती गाणी ओसरीवर स्पष्ट ऐकू यायची.

बरेच आठवडे असे गेले. हाडवैद्यानं कामट्या सोडल्या. हात जुळला होता, पण मनगटापाशी वाकडा. त्या दुपारी आयनं नेहमीसारखं ताट आणलं आणि कालवायला घेतलं. बाहेर बस्त्यावनं ते झोक्याचं गाणं काढलं होतं. बानं आपला उजवा हात मांडीवरून उचलला, बोटं एकदा मिटून उघडून बघितली आणि ताटाकडे नेली.

आयनं ताट आपल्याकडे ओढलं.

"अजून नाय," ती म्हणाली.

बानं हात मागे घेतला. तिनं काटा काढला, घास केला आणि पुढे धरला. त्यानं तोंड उघडलं.